भलत्या पंगतीत

"वाट्या बोलायला लागल्या," पद्माकर म्हणाले. "मध्ये फडकी कोंब म्हटलं होतं ना मी?"

"कोंबलीत. चमचे बोलताहेत."

"मग चमच्यांना गप्प कर."

मी पट्टा सोडायला गेले तर म्हणाले, "बस खाली. वळण आहे."

डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खूप खाली समुद्र, आणि मधल्या चढावर आमचं घर. शेगडी, फ्रीज, पलंग, मोरी, सगळं आमच्या पाठीमागे खडखडत येत होतं. वळणावर पद्माकरांनी वेग इतका कमी केला की मागे गाड्यांची रांग लागली. कुणी हॉर्न मात्र वाजवला नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

"एकानं तरी वाजवावा," ते म्हणाले. "म्हणजे शिवी देता येते."

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं ते राष्ट्रीय उद्यान. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, सप्टेंबर संपत आलेला आणि मेपलची झाडं नुकती लाल व्हायला लागलेली. आमची मुलगी गार्गी तिकडे हॅलिफॅक्सला राहते. सगळ्यांनी मिळून जायचं म्हणून तिनं मोटारहोम ठरवलं होतं. ऐनवेळी तिची रजा रद्द झाली. "आम्ही जाऊ," पद्माकर म्हणाले. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर कालव्यांच्या कडेनं जीप चालवली होती. गार्गीनं स्टेअरिंगसमोर 'बाबा, उजवीकडून' अशी चिठ्ठी चिकटवली आणि आम्हाला निरोप दिला. याला आता सात वर्षं झाली.

पहिल्याच दिवशी पद्माकरांनी गाडीतला संडास बाद केला. "शेगडीपासून हातभर अंतरावर? मी नाही जाणार, आणि तूही जायचं नाहीस." त्यात आम्ही बॅगा ठेवल्या. त्यामुळे दर तासाला कुठेतरी थांबावं लागे, आणि थांबलं की ते म्हणत, "बघ, या निमित्तानं निसर्ग दिसतो."

मी सोलापूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. इंग्रजीतून आलेल्या बातम्या मराठीत करायच्या, मथळा द्यायचा, वेळेत पान सोडायचं, हे काम मी निवृत्त होईपर्यंत केलं. वाचलेलं आणि ऐकलेलं इंग्रजी मला पुरतं कळतं. बोलायला मात्र तोंड उघडत नाही. लग्नानंतर एकदा पद्माकरांच्या साहेबांच्या घरी मी एक वाक्य बोलले होते. परतताना रिक्षात त्यांनी ते मला दुरुस्त करून दिलं, प्रेमानंच. पुन्हा मी बोलले नाही.

उद्यानाच्या नाक्यावर आम्हाला एक माहितीपत्रक मिळालं. मी ते वाटेत मोठ्यानं मराठी करत गेले.

"'उघड्यावर अन्न ठेवाल, तर जनावराचा जीव घ्याल.' दोन कॉलमी मथळा."

"भडक होतोय."

"मूळच भडक आहे. मी काही घातलं नाही पदरचं."

"वरण-भातानं कुठल्या अस्वलाचा जीव जातो?" ते म्हणाले आणि हसले. म्हणजे नियम त्यांना माहीत होता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

मुक्कामाची जागा समुद्रापासून थोडी वर, उंच झाडांत होती. प्रत्येक गाडीला एक मोकळी जागा, एक लाकडी टेबल, मागे जंगल. शेजारच्या जागेवर एक म्हातारे गृहस्थ दिवसभर घडीच्या खुर्चीत बसलेले असत. मला पाहिलं की हवेबद्दल काहीतरी म्हणत. मी मान हलवी. त्यांनी पद्माकरांना विचारलं, "तुमची बायको फार शांत आहे?" पद्माकर म्हणाले, "तुम्ही आमच्या घरी आला नाहीत."

दुसऱ्या दिवशी पद्माकर माझ्या आधी उठून, तिथल्या न्हाणीघरात आंघोळ करून आले.

"आज खीर कर."

"खीर? इथे?"

"तांदळाची. आणि वरण-भात. भाजी काय आहे?"

"गार्गीनं दिलेला लाल भोपळा."

"तो कर. कांदा नको घालूस."

"आज काय आहे?"

"काय असायचंय? पोटाला बरं."

कांदा नको म्हटल्यावर माझ्या लक्षात यायला हवं होतं. पितृपक्ष चालू होता हे मला ठाऊक होतं. पण आमच्या घरचं झालं होतं. आम्हाला दोन मुलं. गार्गी मोठी. धाकटा सारंग त्या वेळी जाऊन अकरा वर्षं झाली होती. 'अल्पशा आजाराने निधन' असं आमच्याच वर्तमानपत्रात छापून आलं होतं. तो षष्ठीला गेला, म्हणून दरवर्षी षष्ठीला त्याच्या नावाचं पान. यंदा ते आम्ही गार्गीकडे उरकलं. तिच्या मागच्या अंगणात पद्माकरांनी पान ठेवलं आणि ते मागे सरायच्या आत तिथल्या कावळ्यानं घास उचलला. "कॅनडात सगळं वेळेवर होतं," असं जावई म्हणाले. आम्ही सगळे हसलो. पद्माकर हसले नाहीत.

स्वयंपाक झाला तेव्हा दुपार व्हायला आली होती. "तू समुद्रावर जाऊन ये ना," ते म्हणाले. "जेवायला वेळ आहे."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी एकटीला फिरायला पाठवलं नव्हतं. मी निघाले, आणि वाऱ्यानं कान दुखायला लागले म्हणून अर्ध्या वाटेतून रुमाल न्यायला परत आले.

गाडीमागे, जंगलाच्या कडेला पद्माकर उभे होते. अंगात काही नाही, डोक्याला कानटोपी, कमरेला गार्गीनं दिलेला निळा टॉवेल. जानवं उजव्या खांद्यावर घेतलेलं. सूर्य तिथे भलतीकडूनच वर येतो असं त्यांचं मत होतं, म्हणून दिशा पाहायला हातात मोबाइल. समोर एका सपाट दगडावर कागदी ताटली: भात, वरण, भोपळा, खीर. वर तीळ.

झाडावर दोन डोमकावळे होते. आपल्या कावळ्याच्या दीडपट. ते खाली बघत होते आणि येत नव्हते.

"ये," पद्माकर म्हणाले.

ते आले नाहीत. थंडीनं पद्माकरांच्या पाठीवर काटा आलेला मला दिसत होता. कावळा शिवत नसला की आपल्याकडे मोठ्यानं काहीतरी कबूल करतात. धाकटीचं लग्न लावून देऊ, भावाशी भांडण मिटवू, असं काही. पद्माकर काहीतरी कबूल करत होते. ओठ हलत होते, मला शब्द ऐकू आले नाहीत.

तेव्हा झुडपातून कोयोटी बाहेर आला. हा प्राणी आपल्या कोल्ह्याहून उंच आणि लांडग्याहून बारीक असतो. हा तर अजून अंगानं भरलाही नव्हता, नुसते पाय आणि कान. तो दगडाशी थांबला. पद्माकर हलले नाहीत. तोही त्यांच्याकडे आला नाही. त्यानं आधी खीर खाल्ली, मग भाताला तोंड लावलं, घाईघाईनं, मान झटकत.

"सावकाश," पद्माकर म्हणाले. "सावकाश जेव. कुणी मागे लागलेलं नाही."

हे वाक्य मी सोलापूरच्या स्वयंपाकघरात रोज ऐकत असे. सारंग उभ्यानं जेवायचा. पाठीला दप्तर, एक पाय चपलेत.

कोयोटीनं ताटली चाटली, ती तोंडात धरली आणि तो झाडांत गेला. मी पावलं न वाजवता मागे फिरले. दाराआडून कुणाचं बोलणं ऐकताना पकडलं जावं तशी मला लाज वाटत होती, आणि पकडणारं तर कुणी नव्हतं. मी समुद्रावर गेले नाही. वाटेतल्या एका ओंडक्यावर बसून राहिले आणि मुद्दाम उशिरा परत आले.

पद्माकरांच्या अंगात स्वेटर होता. टेबलावर पानं घेतली होती.

"आलीस? पाणी गार होतं?"

"हो," मी म्हणाले.

आम्ही जेवलो. खीर चांगली झाल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं.

भांडी विसळून होताहेत तोच उद्यानाची वॉर्डन ट्रक घेऊन आली. चाळिशीची बाई, केस मागे घट्ट बांधलेले, छातीवर जोअॅन अशी पट्टी. न्हाणीघराजवळ मुलं खेळत होती, तिथून एक कोयोटी तोंडात कागदी ताटली घेऊन गेला, असं कुणीतरी कळवलं होतं. ती प्रत्येक गाडीशी थांबत चौकशी करत होती, आणि तसल्या ताटल्यांचा गठ्ठा आमच्या टेबलावरच होता. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. मी ते मराठीत देते.

"कुणाला रागवायला आले नाही मी," ती म्हणाली. "फक्त नक्की काय झालं ते कळायला हवं. अन्न बाहेर ठेवलेलं होतं का?"

"नाही," पद्माकर म्हणाले. "आम्ही जेवत होतो. इथे, टेबलाशी. तो आला."

"तुम्ही बसलेले असताना?"

"हो."

"किती जवळ?"

पद्माकरांनी हातानं अंतर दाखवलं. मग, इंजिनिअर माणूस, खोट्यालाही त्यांनी नीट टेकू दिला. "टेबलावर पंजे ठेवले. ताटली ओढून नेली."

"तुमच्या हातातून?"

"जवळजवळ."

जोअॅन माझ्याकडे वळली. "तुम्हीही इथेच होतात?"

"माझ्या बायकोला इंग्रजी येत नाही," पद्माकर म्हणाले.

मी हातातलं फडकं पिळलं.

जोअॅननं टेबलाकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "दगडावर वगैरे पडलेलं खाल्लं असतं, तर फटाक्याच्या गोळ्या झाडून त्याला डोंगरात पिटाळला असता. कोवळा आहे, शिकला असता. पण जो माणसाच्या हातातून ओढतो, तो उद्या लहान मुलाच्या हातातून ओढेल. तसला ठेवता येत नाही. माझा सहकारी निघाला आहे. संध्याकाळच्या आत आवाज होईल, घाबरू नका. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. तुमची काहीच चूक नाही."

'मारणार' असं ती म्हणाली नाही. 'नष्ट करणे' अशा अर्थाचा एक सरकारी शब्द त्यांच्याकडे आहे. तो मी बातम्यांत किती वेळा वाचला होता आणि दर वेळी त्याचं 'ठार' केलं होतं.

ती ट्रककडे जाऊन वायरलेसवर बोलायला लागली. पद्माकर गाडीत शिरले. मी मागोमाग गेले आणि दार ओढून घेतलं.

"अहो, त्याला मारणार आहेत."

"ऐकलं मी."

"मग जा आणि खरं सांगा."

"काय सांगू? मेलेल्या माणसाला जेवायला वाढलं होतं म्हणून सांगू? हसतील. कागदोपत्री गाडी गार्गीच्या नावावर आहे, तिला विचारतील. आणि तुला काय माहीत खरं काय ते? तू समुद्रावर होतीस."

"नव्हते," मी म्हणाले.

ते पलंगावर बसले. पलंग म्हणजे गाडीच्या रुंदीची एक फळी, बसलं की डोकं वरच्या कपाटाला लागे. ते मान वाकवून बसले.

"कुठवर पाहिलंस?"

"'सावकाश जेव'पर्यंत."

बाहेर वायरलेस खरखरत होता.

"षष्ठी झाली होती ना आपली?" मी म्हणाले. "आज कोणती तिथी?"

"तुला माहीत आहे."

"तुमच्या तोंडून ऐकते."

"चतुर्दशी."

पितृपक्षातली चतुर्दशी वेगळी असते. आजारानं, वयानं गेलेल्यांची ती नव्हे. पाण्यानं, विषानं, शस्त्रानं, स्वतःच्या हातानं गेलेल्यांची ती.

"दरवर्षी षष्ठीला ठेवतो," पद्माकर म्हणाले. "कावळा लगेच येतो. लोक म्हणतात, बघा, पोर तृप्त आहे. मला तेव्हा कावळ्याची चीड येते. अकरा वर्षं आपण त्याला भलत्याच पंगतीत बसवतोय, विभा. आजारी माणसांच्या. तो तिथे जेवत नाही. सोलापुरात चतुर्दशीला पान ठेवलं असतं तर वरच्या मजल्यावरून शेजाऱ्यांनी पाहिलं असतं. म्हटलं, इथे कोण आहे?"

"हे मला का नाही सांगितलंत?"

"'अल्पशा आजाराने' कुणी लिहिलं होतं?"

"मी."

सारंगला कसलाही आजार नव्हता. हैदराबादला भाड्याच्या खोलीत त्यानं स्वतःला संपवलं. पद्माकर त्याला घेऊन आले त्या संध्याकाळी निधनवार्तेचा मजकूर मी स्वतः लिहून कचेरीत पाठवला. कुणाच्या ना कुणाच्या मुलाची तशी बातमी मी आठवड्यातून एकदा तरी लावत असे. नाव, वय, गाव, गल्ली, सगळं तपासून. नाव चुकलं तर शिकाऊ पोरांना बोलत असे. आमच्या घरावर वेळ आली तेव्हा मला दोन शब्द लगेच सापडले. कचेरीत कुणी काही विचारलं नाही. खरं काय ते सगळ्यांना कळलं असणार, कारण माणसं माझ्यासमोर तसल्या बातम्या लावायची बंद झाली. गार्गी त्या वेळी हॅलिफॅक्सला, पहिल्या बाळंतपणाच्या तोंडावर होती. तिला सांगितलं, ताप मेंदूत गेला. बाळंत झाल्यावर खरं सांगू असं ठरलं होतं. ते मूल आता अकरा वर्षांचं झालं होतं.

"काय कबूल केलंत मघाशी?" मी विचारलं. "कावळे येत नव्हते तेव्हा."

"गार्गीला सांगेन म्हणालो."

"आणि?"

"आणि तो आला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "म्हटल्याबरोबर आला."

"तोच हा, अहो. त्यालाच मारणार आहेत."

"मला कळतंय गं," ते म्हणाले. "पण ती बाई विचारेल, कुणासाठी ठेवलं होतं? मुलासाठी म्हटलं की विचारेल, काय झालं होतं? सगळे विचारतात. मी काय सांगू? माझ्या तोंडाला सवयच एका उत्तराची आहे."

मी त्यांची वाट पाहिली. ते कपाटाच्या कडीकडे पाहत राहिले. मग मी दार उघडलं आणि उतरले.

ट्रक शेजारच्या म्हाताऱ्याच्या जागेजवळ उभा होता. ते खुर्चीत बसून मला पाहत होते आणि हवेबद्दल काहीतरी म्हणालेही. जोअॅननं वायरलेस खाली धरला.

"चूक," मी म्हणाले. "माझा नवरा. तो चूक सांगतो."

ती थांबली. एवढं बोलून मला दम लागला होता. पुढचं मी एकेक शब्द जोडत बोलले, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं पुष्कळ असणार.

"जनावर आमच्याकडे आलं नाही. टेबल नाही. हात नाही. अन्न दगडावर. नवऱ्यानं ठेवलं. मी पाहिलं."

"का ठेवलं?"

"मुलासाठी."

तिनं आमच्या गाडीकडे नजर टाकली. "मुलगा आहे बरोबर?"

"नाही. मेला. आमच्यात पक्षी येतो, पक्षी जेवला की तो जेवला. आज पक्षी आला नाही. हा आला."

तिनं ते समजून घेतलं, म्हणजे तसा प्रयत्न केला. कपाळावर आठी होती, पण ती हसली नाही.

"मग त्यांनी मला तसं का सांगितलं?"

"लाज," मी म्हणाले. लाजेला इंग्रजीत दोन-तीन शब्द आहेत. मी त्यातला सगळ्यात जड होता तो घेतला. "आम्हाला दोघांना. मुलगा आजारी नव्हता."

आणि मग, आयुष्यभर जे वाक्य मी इंग्रजीतून मराठीत आणत आले होते, ते उलट नेलं. तीन शब्दांचं आहे. मराठीत ते मी तोवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

म्हातारे गृहस्थ उठले. त्यांनी आवाज न करता खुर्चीची घडी घातली आणि ते आपल्या गाडीत गेले.

जोअॅननं वायरलेसवर कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग मला म्हणाली, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मी त्यांची एक हकिकत पुढे कळवली आहे. ती फक्त तेच बदलू शकतात. मला त्यांच्या तोंडून ऐकायला लागेल."

मी वळले. पद्माकर गाडीच्या पायरीवर उभे होते. मी बोलले त्यातलं किती त्यांनी ऐकलं ते मी कधी विचारलं नाही.

"त्या विचारताहेत," मी म्हणाले.

ते आले. वरिष्ठांपुढे उभे राहत तसे, हात मागे बांधून, उभे राहिले.

"माझी बायको सांगते ते बरोबर आहे," ते त्यांच्या चांगल्या इंग्रजीत म्हणाले. "मी खोटं बोललो."

"तो तुमच्या किती जवळ आला?"

"आला नाही. दगडापाशी थांबला."

"हातातून काही घेतलं?"

"नाही."

"तुम्ही त्याला हाकललंत? ओरडलात?"

"नाही," पद्माकर म्हणाले. "मी त्याला सावकाश जेव म्हणालो."

जोअॅननं हे लिहून घेतलं नाही. तिनं त्यांचं नाव विचारलं, नियम मोडणाऱ्याचं म्हणून. त्यांनी पूर्ण सांगितलं: पद्माकर वामन करजगीकर. स्पेलिंग सांगताना त्यांचा आवाज बसला, तेव्हा पुढची अक्षरं मी सांगितली.

"कुणालाही मारायला आम्हाला आवडत नाही," ती जाताना म्हणाली. "उद्या पहाटे तुम्ही निघा. तो परत या दगडाशी आला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

पद्माकरांनी तो दगड धुतला. आधी पाण्यानं, मग भांड्यांच्या साबणानं, मग पुन्हा पाण्यानं. त्यानंतर आम्ही टेबलाशी बसलो. चहा केला नाही.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा मागच्या डोंगरातून आवाज झाला. पद्माकर अर्धवट उठले. पाठोपाठ दुसरा झाला, मग तिसरा. ठार करायचं तर एक पुरला असता, असा मी हिशेब मांडला. डोमकावळे ओरडत उडाले. पद्माकर तसेच टेबलाला धरून उभे होते.

ट्रक परत आला. जोअॅननं इंजिन बंद केलं नाही, काच खाली केली.

"गेला. ओढा ओलांडून वर गेला, धावत. एकदा मागे बघितलं त्यानं, मग नाही."

"कुठल्या दिशेला?" पद्माकरांनी विचारलं.

तिनं हात केला. ट्रक गेल्यावर पद्माकरांनी खिशातून मोबाइल काढला आणि तिकडे तोंड करून पाहिला.

"दक्षिण?" मी विचारलं.

"जवळजवळ," ते म्हणाले.

सकाळी उजाडताच आम्ही निघालो. शेजारच्या गाडीचे पडदे ओढलेले होते. वाट्यांत मी फडकी कोंबली होती, चमचे टॉवेलमध्ये गुंडाळले होते, त्यामुळे गाडीत काही वाजत नव्हतं. चढ संपला तिथे समुद्राकडे तोंड करून थांबायची जागा होती. पद्माकरांनी गाडी आत घेतली. डोंगरात शिरल्यापासून प्रथमच मोबाइलला रेंज आली होती.

"तू बोल," ते म्हणाले.

"कबूल तुम्ही केलंय."

त्यांनी फोन चिठ्ठीखाली उभा केला आणि लावला. तीन-चार वेळा वाजला.

"बाबा? गाडी नीट आहे ना?"

"गाडी नीट आहे."

"आई?"

"इथेच आहे. ऐकते आहे."

"मग एवढ्या सकाळी? मी निघतेय कामावर, किल्ली सापडत नाहीये. पटकन सांगा."

पद्माकरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, गाडी बंद असूनही.

"सारंगबद्दल आहे," ते म्हणाले. "बस आधी कुठेतरी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. दोन ठिकाणी त्यांचा तपशील चुकला. मी तो दुरुस्त करून दिला.